एकच सॅन, दोन कंपन्या: ट्रॅफिक वेगळं करायचंय पण स्टोरेज अन् टेप एकच ठेवायचंय, कसं करावं?

जालना_सर्व्हररूम

राम राम मंडळी. जरा लांबड लागंल पण पूर्ण वाचा.

आमचे मालक एकच, धंदे दोन. एमआयडीसीत रोलिंग मिल अन् दुसरी बियाण्याची कंपनी, म्हणजे जालन्यात जे दोन धंदे कुठंबी सापडतेत तेच आमच्याकडं एका मालकाखाली. सर्व्हर रूम एकच. फायबर चॅनलचं सॅन आहे, म्हणजे सर्व्हर अन् स्टोरेज जोडणारं वेगळं नेटवर्क, सिस्कोचे एमडीएस स्विच, फॅब्रिक ए अन् फॅब्रिक बी अशी दोन सुटी जाळी, प्रत्येकात दोन दोन स्विच, कारण एक जोडी ऑफिसात आहे अन् एक जोडी मिलच्या शेडजवळच्या कंट्रोल रूममधी, मधात फायबर टाकलेली. स्टोरेज अ‍ॅरे एकच, दोन कंट्रोलर, प्रत्येकाला चार एफसी पोर्ट. बॅकअपच्या कॅसेटची टेप लायब्ररी एक, एलटीओ जातीच्या टेपचे दोन ड्राइव्ह. सर्व्हर म्हणाल तर मिलचे सहा, बियाण्याचे चार.

आता झालंय असं की बियाण्याच्या कंपनीत बाहेरचा पार्टनर आलाय आणि त्यांच्या आयटीवाल्यांनी पहिल्याच मीटिंगला विचारलं की आमचा डेटा अन् मिलचा डेटा एकाच सॅनवर कामून? वाणांच्या चाचण्यांचा सगळा डेटा त्यात आहे त्यामुळं त्यांचं म्हणणं काही चूक नाही. वरून त्यांना त्यांचं झोनिंग, म्हणजे सॅनवर कोणी कोणाशी बोलायचं ते ठरवणं, त्यांच्याच हातात पाहिजे. मालक म्हणतेत नवीन स्विच नाही, नवीन स्टोरेज नाही, आहे त्यात भागवा. व्हेंडरला विचारलं तर त्यानं आख्ख्या नवीन सेटअपचं कोटेशन पाठवून दिलं, ते मालकाला दाखवायची माझी तर हिंमत नाही.

त्यात अजून एक दुखणं आहे. मिलचा टेस्ट सर्व्हर रीबूट केला की कधी कधी बियाण्याचा रात्रीचा टेप बॅकअप अर्ध्यातच मरतो. सध्या सगळंच व्हीसॅन १ मधी आहे (व्हीसॅन म्हणजे त्याच स्विचवर पाडलेलं आभासी सॅन) अन् झोनिंग माझ्या आधीच्या माणसानं केलेलं, झोन मोजके अन् एकेकात लई जण कोंबलेले. खरिपाच्या आधी डिस्पॅच सुरू झालं की बियाणंवाल्यांचा सर्व्हर एक मिनिट बंद चालत नाही, म्हणून जे करायचं ते त्याच्या आधी करायलोय.

नुसतं झोनिंग नीट केलं तर भागंल का व्हीसॅनच करावं? अन् व्हीसॅन केलं तर अ‍ॅरे अन् टेप दोघांना दिसणार कसं?

वाळूज_नाइटशिफ्ट

भाऊ, व्हीसॅनच करा, स्विच तुमच्याकडं आहेतच, वेगळे पैसे नाहीत.

झोनिंग म्हणजे कोणी कोणाशी बोलायचं याची यादी, बस. सगळे राहतात एकाच फॅब्रिकमध्ये, नेम सर्व्हर एक, झोन सर्व्हर एक, रूट ठरवणारं एफएसपीएफ एक, स्विचना नंबर म्हणजे डोमेन आयडी वाटणारा प्रिन्सिपल स्विच एक. व्हीसॅन केलं की हे सगळं प्रत्येकाचं आपापलं होतं, लोखंड तेवढं तेच राहतं. एका वाड्यात दोघा भावांच्या चुली वेगळ्या झाल्या पण आड एकच ठेवला, तसं. एका व्हीसॅनमध्ये झोनसेट चुकला किंवा फॅब्रिक नव्यानं बांधायची वेळ आली तरी दुसऱ्याला त्याचा पत्ता लागत नाही. दोन स्विचना जोडणाऱ्या लिंकवर, म्हणजे आयएसएलवर, दोघांच्या फ्रेम एकाच तारेतून जातात पण प्रत्येक फ्रेमवर व्हीसॅनचा नंबर चिकटवलेला असतो, इथरनेटला व्हीलॅनचा टॅग असतो त्याच धर्तीवर.

अ‍ॅरेचं एवढं टेन्शन घेऊ नका. स्विचचा एक एफ पोर्ट (सर्व्हर किंवा स्टोरेज लागतो तो) एका वेळी एकाच व्हीसॅनमध्ये असतो, पण तुमच्या अ‍ॅरेला एकूण आठ पोर्ट आहेत, त्यातले चार फॅब्रिक ए ला अन् चार बी ला असणार. मग प्रत्येक फॅब्रिकमध्ये प्रत्येक कंट्रोलरचा एक पोर्ट मिलच्या व्हीसॅनला द्या अन् एक बियाण्याच्या. दोघांनाही दोन्ही कंट्रोलर दोन्ही फॅब्रिकमधून दिसतील, आतमध्ये लन मास्किंग (कोणती डिस्क कोणाला दाखवायची ते) आहेच, झालं काम. पोर्ट निम्मे होतील एवढंच, पण दहा सर्व्हरला तेवढे लई झाले.

आणि पार्टनरला झोनिंग हातात पाहिजे ना, तर एमडीएसमध्ये रोल बनवताना तो ठरावीक व्हीसॅनपुरता बांधता येतो. त्यांच्या माणसाला बियाण्याच्या व्हीसॅनचा रोल द्या, मिलच्या झोनला त्याला हातच लावता येणार नाही. हे नुसत्या झोनिंगनं कधीच जमत नाही, कारण तिथं अ‍ॅक्टिव्ह झोनसेट सगळ्यांचा मिळून एकच असतो.

लातूरकर_बॅकअप

थांबा थांबा. वाळूजवाले दादा बरोबर आहेत पण तुमचा बॅकअप मरतोय त्याचं कारण व्हीसॅन नसणं हे नाहीये, तुमचे ते कोंबलेले झोन आहेत.

एखादा सर्व्हर रीबूट झाला की त्याचा एचबीए, म्हणजे सॅनला जोडणारं कार्ड, फॅब्रिकमधून बाहेर जातो, परत लॉगिन करतो, आणि फॅब्रिक आरएससीएन पाठवतं, म्हणजे बाबांनो काहीतरी बदललंय, परत चौकशी करा. हा निरोप जातो कोणाला, तर त्याच्याच झोनमध्ये असलेल्यांना. टेस्ट सर्व्हर, बियाण्याचा डेटाबेस सर्व्हर आणि टेप ड्राइव्ह सगळे एकाच झोनमध्ये बसवले असतील तर टेप चालू असताना डेटाबेस सर्व्हरचा ड्रायव्हर चौकशीला लागतो, डिस्कचं ठीक आहे, परत ट्राय करते, पण टेपचं तसं नाही, टेप सरळ रेषेत लिहायची वस्तू, मध्येच कमांड हुकली की बॅकअप सॉफ्टवेअर जॉब फेल करून मोकळं.

तेव्हा आधी हे करा: एका झोनमध्ये एक एचबीए आणि एक टार्गेट (म्हणजे स्टोरेजचा किंवा टेपचा पोर्ट). डिस्कचे झोन वेगळे, टेपचे वेगळे, आणि जमलं तर टेपसाठी एचबीएचा पोर्टच वेगळा. डिफॉल्ट झोन डिनाय वर आहे का ते पण बघून घ्या, काही ठिकाणी परमिट वर राहून गेलेलं असतं आणि मग झोनमध्ये नसलेले सगळे एकमेकांना दिसत बसतात.

एवढं करून पार्टनरचं समाधान होत असेल तर व्हीसॅनच्या भानगडीत पडू नका असं माझं मत. दहा सर्व्हर आहेत, उद्या तुम्ही नोकरी सोडली तर मागून येणाऱ्या माणसाला समजलं पाहिजे.

वाळूज_नाइटशिफ्ट

आरएससीएनचं पटलं, ते आधीच करावं. पण पार्टनर "आमचं झोनिंग आमच्या हातात" म्हणतोय हे विसरू नका सर. एक झोनसेट दोघांनी एडिट करायचा म्हणजे आज ना उद्या एक जण दुसऱ्याचा बदल पुसून टाकणार.

नांदेड_फॅब्रिक

दोघांनीही एक गोष्ट सांगितली नाही आणि ती सगळ्यात महत्त्वाची आहे. व्हीसॅन कंट्रोल वेगळा करतं, पाइप वेगळा करत नाही.

एका हॉस्पिटलच्या सॅनवर मी काम केलंय, ओपीडीचं सॉफ्टवेअर एका व्हीसॅनमध्ये आणि एक्सरे-सीटीच्या इमेजचं आर्काइव्ह दुसऱ्यात. कागदावर एकदम स्वच्छ. रोज सकाळी ओपीडीच्या गर्दीत सॉफ्टवेअर अडकायचं, डॉक्टर लोक आयटीला शिव्या घालायचे, आणि ओपीडीच्या व्हीसॅनमध्ये बघावं तर काहीच एरर नाही, सीपीयू रिकामा, डिस्क रिकामी. शेवटी आयएसएलच्या पोर्टवर टीएक्सवेट नावाचा काउंटर बघितला तर तो धावत होता. हा काउंटर पोर्टकडं पाठवायला फ्रेम आहे पण क्रेडिट नाही अशा दर अडीच मायक्रोसेकंदाला एकनं वाढतो. आर्काइव्हचा एक जुना सर्व्हर होता ४ जीबीपीएस एचबीएवाला, तो १६ जीबीपीएसच्या अ‍ॅरे पोर्टकडून मोठमोठ्या इमेज मागायचा. अ‍ॅरे त्याच्या स्पीडनं ओतायचा, ह्याच्या घशाखाली तेवढं उतरेना.

फायबर चॅनलमध्ये फ्रेम टाकून देत नाहीत, समोरच्यानं बफर मोकळा झाल्याचा इशारा दिला तरच पुढची फ्रेम जाते, यालाच बफर टू बफर क्रेडिट म्हणतात. जुन्या सर्व्हरच्या पोर्टवर फ्रेम तुंबल्या, मग त्या स्विचचे आयएसएलकडचे बफर भरले, मग आयएसएलवर क्रेडिट संपले. आणि हे क्रेडिट लिंकचे असतात, व्हीसॅनचे नसतात! त्यामुळं ओपीडीच्या फ्रेम निमूट त्याच रांगेत उभ्या. याला स्लो ड्रेन म्हणतात, गूगल करा, डोकं फिरेल.

नवीन एमडीएस मॉडेलवर ईआर_आरडीवाय नावाचा प्रकार आलाय, त्यात एकाच आयएसएलचे आतून वेगवेगळे व्हर्च्युअल लिंक होतात अन् तुंबणाऱ्या ट्रॅफिकला बाजूला काढता येतं. ब्रोकेडवाल्यांकडं व्हर्च्युअल चॅनल आधीपासून आहेत पण तिथंही दोन फ्लो एकाच चॅनलवर आले की तेच रडगाणं. जुन्या मॉडेलवर असाल तर सरळ उपाय म्हणजे दोन आयएसएल टाका आणि प्रत्येकावर अलाउड व्हीसॅनची यादी वेगळी ठेवा.

म्हणून विचारतो, शेडकडच्या स्विचवर नेमकं कोण कोण बसलंय? आणि तिकडं एखादा म्हातारा सर्व्हर आहे का?

परभणी_पिंग

आयएससीएसआय (साध्या इथरनेटवरून स्टोरेज) घ्या, व्हीलॅन टाका, मोकळे व्हा 😄

नांदेड_फॅब्रिक

@परभणी_पिंग घ्या ना, आणि मग ऑफिसचा व्हिडिओ कॉल आणि डेटाबेस एकाच अपलिंकवर भांडतील तेव्हा इथंच धागा काढा. तिथंही रांगेचा प्रश्न तोच आहे, फक्त तिथं फ्रेम पडते आणि इथं थांबते.

जालना_सर्व्हररूम

सगळ्यांचे आभार, डोक्यात लई उजेड पडायलाय.

लातूरकर सर, आत्ताच बघितलं. टेपच्या झोनमधी अकरा मेंबर आहेत. टेस्ट सर्व्हर पण त्यातच. अन् कामून आहे ते कोणालाच माहीत नाही.

नांदेडवाले दादा, शेडमधी मिलचे तीन सर्व्हर आहेत, फर्नेसचा अन् रोलिंगचा डेटा तिथंच लिहिला जातो. त्यातला एक म्हाताराच आहे, एचबीए ४ जीबीपीएसचाच निघाला, महिन्याच्या शेवटी आख्ख्या महिन्याचा रिपोर्ट काढतो. अन् बियाण्याचा एक सर्व्हर, रेप्लिका म्हणजे डेटाची दुसरी प्रत आहे, तो पण शेडमधीच आहे कारण ऑफिसच्या रॅकमधी तेव्हा जागा नव्हती. बाकी बियाण्याचे तीन ऑफिसात, अ‍ॅरेच्या बाजूलाच. फायबर ओएम३ जातीची आहे, ९० मीटरच्या आसपास, आयएसएल १६ जीबीपीएसचा प्रत्येक फॅब्रिकमधी एक. कोर शिल्लक आहेत पण एसएफपी (पोर्टमधी फायबर लावायचे मॉड्यूल) घ्यावे लागतील अन् मालकाला एसएफपी काय असतंय हे सांगण्यातच एक आठवडा जाईल.

टेपचं असं की मिलचा बॅकअप लॅनवरून बॅकअप सर्व्हरला जातो अन् तो टेपवर लिहितो. बियाण्याचा डेटाबेस मोठा आहे म्हणून तो सर्व्हर सॅनवरून डायरेक्ट टेपवर लिहितो. दोन्ही ड्राइव्ह फॅब्रिक ए मधी आहेत.

नांदेड_फॅब्रिक

मग सुटलं की भाऊ! तो रेप्लिका सर्व्हर उचला आणि ऑफिसात आणा. बियाण्याचं काहीच शेडमध्ये उरलं नाही की आयएसएलच्या अलाउड यादीतून बियाण्याचं व्हीसॅन काढूनच टाका. मग त्या तारेवर फक्त मिल. म्हाताऱ्यानं महिनाअखेरीला कितीही तुंबवलं तरी तुंबारा मागं सरकत जाईल तो आयएसएलवरून अ‍ॅरेच्या मिलवाल्या पोर्टपर्यंत, आणि ते पोर्ट आता बियाण्याशी वाटून घेतलेले नसणार. दुसरा आयएसएल लागत नाही, एसएफपी लागत नाही, मालकाला काही समजवायलाच नको.

फक्त अ‍ॅरेच्या आत काय होतंय ते विसरू नका. कंट्रोलर, कॅशे आणि डिस्कचा पूल दोघांचा एकच असेल तर तिथं कोणतंच व्हीसॅन कामाला येत नाही. तुमच्या अ‍ॅरेत लनवर आयओपीएसची (सेकंदाला किती रीड-राइट) लिमिट लावायची सोय असेल तर मिलच्या रिपोर्टवाल्या लनवर लावा, नाहीतर निदान पूल तरी वेगळे करा.

९० मीटर ओएम३ वर १६ जीबीपीएस ला अडचण नाही, मर्यादा १०० ची आहे. पण पुढं कधी ३२ चे स्विच घेतले तर ओएम३ वर ७० मीटरच मिळतात, तेव्हा ही केबल पुरणार नाही.

लातूरकर_बॅकअप

टेपचं मी सांगतो, माझा प्रांत आहे.

लोक तुम्हाला आयव्हीआर सांगतील, म्हणजे इंटर व्हीसॅन राउटिंग. दोन व्हीसॅन न मिसळता त्यातली ठरावीक डिव्हाइस एकमेकांना दाखवायची, टेप एका व्हीसॅनमध्ये, डेटाबेस सर्व्हर दुसऱ्यात, आणि आयव्हीआर झोनमध्ये फक्त ते दोघं. चीज चांगली आहे, मी वापरलीय. पण त्याला एंटरप्राइज लायसन्स लागतं, डोमेन आयडी दोन्ही व्हीसॅनमध्ये सारखे असतील तर नॅट (पत्ते बदलून देणारी सोय) चालू करावं लागतं, आणि बिघडलं की शोधणारा माणूस जालन्यात रात्री दोनला मिळणार नाही.

दुसरा रस्ता म्हणजे लायब्ररीचे दोन पार्टिशन, एकेक ड्राइव्ह एकेकाला. हे पण होतं, पण एक ड्राइव्ह बिघडला, आणि ड्राइव्ह बिघडतातच, की त्या कंपनीचा बॅकअप बंद. दोन ड्राइव्ह एकत्र ठेवण्यातला सगळा फायदा गेला.

तुमच्याकडं तर दोन्हीची गरज नाही. टेपशी बोलतात फक्त दोन सर्व्हर: बॅकअप सर्व्हर आणि बियाण्याचा डेटाबेस. तिसरं व्हीसॅन काढा, त्यात दोन्ही ड्राइव्ह, बॅकअप सर्व्हरचा पोर्ट, आणि डेटाबेस सर्व्हरला एक एचबीए पोर्ट वेगळा देऊन तो. त्याचे डिस्कचे पोर्ट बियाण्याच्या व्हीसॅनमध्ये, टेपचा पोर्ट तिसऱ्यात. एचबीए काही स्विच नाही, इकडची फ्रेम तिकडं टाकत नाही, त्यामुळं पार्टनर विचारेल तर हे त्याला समजवून सांगता येतं. टेप आणि डिस्क एका एचबीएवर ठेवू नये हा जुना नियम पण त्यात आपोआप पाळला जातो. मिलचा टेस्ट सर्व्हर दिवसभर रीबूट करत बसा मग.

एकच राहिलं. दोघांच्या कॅसेट एकाच मॅगझिनमध्ये शेजारी शेजारी असणार, तिथं व्हीसॅन काय करणार? एलटीओ ४ पासून पुढं ड्राइव्हमध्येच २५६ बिटचं एन्क्रिप्शन येतं. बियाण्याच्या कॅसेटचा पूल वेगळा करा, त्याची एन्क्रिप्शनची की (किल्ली) वेगळी ठेवा आणि ती की पार्टनरकडं पण द्या. माझ्या मते पार्टनर खरा तिथं बघेल, व्हीसॅनच्या नंबरांकडं नाही. आणि व्हीसॅन करू नका म्हणत होतो ते मागं घेतो, शेडचं ऐकल्यावर गणितच बदललं.

जालना_सर्व्हररूम

हे एचबीए पोर्टचं तर डोक्यातच आलं नव्हतं! डेटाबेस सर्व्हरवर चार पोर्टचं कार्ड आहे, दोन रिकामेच पडलेत.

मग असं करायलोय: आधी आहे त्याच व्हीसॅन १ मधी झोन सुटे करतो, एक एचबीए एक टार्गेट. मग रेप्लिका ऑफिसात. मग फॅब्रिक ए मधी मिलला १०, बियाण्याला २०, टेपला ३०. फॅब्रिक बी मधी मिलला ११ अन् बियाण्याला २१. चालू सर्व्हरवर हे बदलताना काय बघू?

वाळूज_नाइटशिफ्ट

ए आणि बी ला नंबर वेगळे घेतले ते बेस्ट केलं. उद्या कोणी चुकून ए ची केबल बी च्या स्विचला लावली तरी दोन्हीकडं सारखं व्हीसॅन नसल्यानं ते एकमेकांत मिसळणार नाहीत. फक्त व्हीसॅन १ दोन्हीकडं असतं, ते काढता येत नाही, म्हणून त्यात काहीच ठेवू नका.

पोर्टचं व्हीसॅन बदललं की त्यावरचं डिव्हाइस बाहेर पडून परत लॉगिन करतं आणि त्याला नवीन एफसीआयडी, म्हणजे फॅब्रिकमधला पत्ता, मिळतो. म्हणून एका वेळी एकच फॅब्रिक. नवीन व्हीसॅनमध्ये झोनसेट आधी बनवून अ‍ॅक्टिव्हेट करून ठेवा, झोन डब्ल्यूडब्ल्यूएन (डिव्हाइसचा कायमचा नंबर) वर असेल तर डिव्हाइस यायच्या आधीच तयार राहतो. मग प्रत्येक सर्व्हरवर मल्टिपाथमध्ये (डिस्ककडं जाणारे अनेक रस्ते सांभाळणारं सॉफ्टवेअर) बी चे पाथ जिवंत आहेत का ते स्वतःच्या डोळ्यांनी बघा, आणि मगच ए चे पोर्ट हलवा. अ‍ॅरेचे पोर्ट आणि सर्व्हरचे पोर्ट लागोपाठ हलवा, मध्ये जेवायला जाऊ नका. शो फ्लोगी डेटाबेस या कमांडमध्ये सगळे नवीन व्हीसॅनखाली दिसले, सर्व्हरवर ए चे पाथ परत आले, की तिथंच थांबा. बी दुसऱ्या रात्री. टेप तर फक्त ए वर आहे, त्यामुळं त्याचे पोर्ट हलवताना कोणताच बॅकअप चालू नको.

मिलकडं एखादा जुना एआयएक्स किंवा एचपी-यूएक्स (युनिक्सच्या जाती) सर्व्हर आहे का बघा. जुन्या व्हर्जनमध्ये ते डिस्कचा पत्ता एफसीआयडीवरून धरतात, एफसीआयडी बदलला की त्यांना डिस्क सापडत नाही. असला तर तो शेवटी आणि बंद करून हलवा.

जालना_सर्व्हररूम

एचपी-यूएक्स नाही. एआयएक्स एक आहे, मिलचं जुनं अकाउंटिंग, बंदच असतंय, ऑडिटवाले आले की चालू करायलोत.

नांदेड_फॅब्रिक

मग तो आधी एकदा चालू करून बघा, हलवायच्या आधी. नाहीतर तो आधीपासूनच मेलेला निघायचा आणि नाव तुमच्या व्हीसॅनवर यायचं.

आणि एखादं व्हीसॅन डिलीट कराल तेव्हा त्यात पोर्ट उरले नाहीत ना ते आधी बघा. उरले तर ते १ मध्ये परत जात नाहीत, ४०९४ नंबरच्या आयसोलेटेड व्हीसॅनमध्ये जाऊन पडतात आणि तिथं कोणाचंच ट्रॅफिक चालत नाही.

जालना_सर्व्हररूम

लिहून ठेवलं. पार्टनरच्या आयटीवाल्यांची मीटिंग पुढच्या आठवड्यात आहे, व्हीसॅनपुरत्या रोलचं अन् टेपच्या कीचं त्यांना दाखवतो, काय म्हणतेत ते इथंच टाकतो.